बोटभर उघडं झाकण

मी एक जुना लॅपटॉप आहे. लॅपटॉप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी पातळ, चकचकीत आलं असेल, तर ते चित्र आधी पुसून टाका. मी कंपासपेटीपेक्षा मोठा आणि फुलस्केप वहीपेक्षा लहान आहे. माझं एक बटण उडालं आहे, पडद्याचा खालचा अर्धा भाग काळा पडला आहे, आणि माझ्या बिजागरीत लॅपटॉपचे नाहीत, चष्म्याचे स्क्रू आहेत. पण मित्रांनो, एका भरल्या मैदानावर मी विजय पाहिला आहे, आणि त्यात माझा वाटा होता. मोठमोठ्या लॅपटॉपना हे भाग्य मिळत नाही. म्हणून माझी गोष्ट सांगताना मी थोडा फुशारलो तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथं भर दुपारीही दिवे लावलेले असायचे. निळ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेनं बसून आम्हाला अंग द्यायच्या. एकीनं माझ्या पोटात बॅटरी बसवली, दुसरीनं पडदा जोडला, तिसरीनं झाकण उघडमीट करून पाहिलं. झाकण मिटलं की झोपायचं आणि उघडलं की जागं व्हायचं, ही शिकवण मला तिथंच मिळाली. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं आवाज तपासायला एक छोटीशी धून वाजवली आणि शेजारणीला म्हणाली, "जीव एवढासा, पण गळा बरा आहे गं याचा." हे माझं पहिलं कौतुक. पुढं बरीच वर्षं मला त्या एका वाक्यावरच निभावून न्यावं लागलं.

दुकानात मोठ्या लॅपटॉपना काचेचं कपाट मिळालं. आम्हा स्वस्तातल्या छोट्यांची दाराशी थप्पी लावली होती आणि वर पाटी होती, 'मूर्ती लहान, किंमत लहान.' म्हणीतली कीर्ती पाटीवाल्यानं सोयीस्कर गाळली होती. लोक मला एका हातानं उचलायचे, दुसऱ्याला दाखवायचे आणि हसायचे. "हा लॅपटॉप आहे की जेवणाचा डबा?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला की डब्यांबद्दल मला उगाचच आपुलकी वाटू लागली.

मग एके दिवशी एक चष्मेवाला आला. चष्म्याचं छोटंसं दुकान होतं त्याचं. काचा घासायचा, फ्रेमीत बसवायचा. त्यानं माझा वेग विचारला नाही, स्मरणशक्ती विचारली नाही. खिशातून एक दोरा काढला, माझ्या अंगावर आडवा धरला आणि म्हणाला, "बसतो. द्या हाच." त्याच्या काउंटरवर काच घासायचं यंत्र आणि फ्रेमींचा स्टँड यांच्यामध्ये दोऱ्याएवढीच जागा उरलेली होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात; त्यानं अंथरूण मोजून लॅपटॉप आणला.

ती वर्षं माझ्या भरभराटीची. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांचे नंबर सांभाळायचो. अर्ध्या वस्तीची नजर माझ्या पोटात होती म्हणा ना. संध्याकाळी चष्मेवाल्याची मुलगी कॉलेजातून यायची, मला काखोटीला मारायची आणि दुकानामागच्या घरात न्यायची. भांड्यांच्या फळीवर, गच्चीच्या कठड्यावर, पलंगाखाली, जिथं ती तिथं मी. भांडी घासायला तिला गाणं लागायचं, कपड्यांच्या घड्या घालायला गाणं लागायचं, अभ्यास टाळायला तर लागायचंच. मोठा लॅपटॉप कोण असा मिरवतो? तो टेबलाचा राजा. मी हलका, म्हणून घरभर फिरलो. तिनं माझ्यात शेकडो गाणी भरून ठेवली. तिची आई भाजी चिरता चिरता गुणगुणायची. या आईला घरात आणि गल्लीत सगळे वहिनीच म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

पण दिवस काय सारखे राहतात? मुलगी शिकून दूर नोकरीला गेली. दुकानात नवा कॉम्प्युटर आला. मला इंटरनेट झेपेनासं झालं. काहीही उघडायला सांगितलं की माझ्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि गिऱ्हाईक जांभया द्यायचं. मग एक दिवस पडदाही खालून काळवंडला. माझी रवानगी सगळ्यात खालच्या खणात झाली. तिथं माझ्या सोबतीला होत्या एका काडीच्या, विनाकाचेच्या, कुणी परत न नेलेल्या फ्रेमी. वहिनी दर साफसफाईला म्हणायची, "अहो, तो डबा भंगारवाल्याला देऊन टाका. जागा अडवतोय नुसता." चष्मेवाला म्हणायचा, "असू दे गं. खातोय का तो काही?" मित्रांनो, अडगळीत पडलेल्याला असं कुणीतरी 'असू दे' म्हणणारं लागतं. तेवढ्यानंही तग धरता येतो.

आता ताईबद्दल सांगतो, कारण माझी खरी गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते.

ताई म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तीसेक वर्षं खेळ आणि कवायत शिकवली तिनं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरी तिला शिट्टीबाई म्हणायच्या. तिच्या एका शिट्टीवर सगळी शाळा एका पावलानं चालायची म्हणे. न चालणारा जगात एकच प्राणी होता, तो म्हणजे तिचा सख्खा भाऊ. चष्मेवाल्याला लहानपणापासून डावं-उजवं कळायचं नाही. ताईनं त्याच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून पाहिला, तर तो कवायतीत रुमालाकडे बघत उजवा पाय उचलायचा. "धाकट्या, तुझे दोन्ही पाय उजवेच आहेत रे बाबा," असं म्हणून तिनं त्याचा नाद सोडला होता.

नोकरी संपली आणि ताई भावाकडे राहायला आली. दोनच वर्षांत तिला कंपवात जडला. हात थरथरायचा, शिट्टी ओठांशी नेताना दातांवर आपटायची. त्याहून वाईट म्हणजे पाय. चालता चालता ते जमिनीला खिळून जायचे. विशेषतः दारात. खोलीतून बाहेर पडायचं म्हटलं की उंबऱ्याशी पाय थिजायचे आणि ताई चौकट धरून उभी राहायची, एक पाऊल टाकण्यासाठी घाम गाळत. जिनं हजारो पावलं चालवली तिला स्वतःचं एक पाऊल उचलता येऊ नये, याचा तिला फार राग यायचा. रडायची नाही. चिडायची.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायची, फिजिओवाली. ती म्हणाली, "ताई, ठेका ऐकला की काहींचे पाय सुटतात. सगळ्यांना जमतं असं नाही, पण करून बघू या." चष्मेवाल्यानं लगेच मोबाइलवर गाणं लावलं. ताई दोन पावलं चालली, तिसरं उचललं, आणि गाण्याच्या मधोमध एका बाईचा गोड आवाज आला, 'गुडघेदुखीनं त्रस्त आहात का?' जाहिरात! ताईचा पाय होता तिथंच थिजला. दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी पोचली, तर मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला आणि गाणं बंद. समोरून टेम्पो येत होता आणि ताई रस्त्यात खिळलेली. चष्मेवाल्यानं तिला अक्षरशः उचलून बाजूला घेतलं. घरी येऊन ताई एवढंच म्हणाली, "हा मोबाइल माझा जीव घेणार."

त्याच संध्याकाळी चष्मेवाला खाली बसला आणि त्यानं खण ओढला. मला फुंकर मारली, बॅटरीला तार लावली, झाकण उघडलं. मी जागा झालो. जरा वेळानं झालो, पण झालो. तो वहिनीला म्हणाला, "याला फोन येत नाही. याला इंटरनेट चालत नाही, म्हणजे जाहिरात नाही. हा फक्त गाणं म्हणतो. आपल्याला दुसरं काय पाहिजे?" इतकी वर्षं जे माझे दोष म्हणून मोजले जात होते, ते एका वाक्यात गुण झाले! मला तर त्या काळ्या पडद्यावर नाचावंसं वाटलं.

मग माझ्या गाण्यांची परीक्षा झाली. ताई पलंगाच्या कडेला ताठ बसली, गळ्यात शिट्टी. चष्मेवाला एकेक गाणं लावायचा आणि ताई टाचेनं ठेका धरून पाहायची.

"नापास," ताई म्हणाली.

"का गं? किती गोड गाणं आहे!"

"गोड आहे, पण मधेच थांबून उसासे टाकतं. मी काय रस्त्याच्या मध्यावर उसासे टाकत उभी राहू? पुढचं."

पुढचं लागलं.

"नापास. हे पळतंय. याच्यामागं गेले तर थेट दवाखान्यात पोचेन."

मग वहिनीच्या आवडीचं गाणं लागलं. वहिनी दारातून आशेनं बघू लागली. ताईनं भिडेखातर ते शेवटपर्यंत ऐकलं. "काठावर पास," ती म्हणाली, "पण बसून ऐकायला."

माझी लाडकी लाडकी गाणी अशी पटापट गळाली. शेवटी मुलीनं कॉलेजच्या संचलनासाठी कधीतरी भरून ठेवलेली बँडची एक धून लागली. शब्द नाहीत, उसासे नाहीत. ढोल आणि पितळी वाद्यं, आणि खाली ठाम ठोका. ताईची टाच वाजली. मग दुसरी वाजली. ती उभी राहिली. ती चालत दारापर्यंत आली, त्याच दारापर्यंत, आणि न थांबता उंबरा ओलांडून पलीकडे गेली. वहिनी हातातला झारा तसाच धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चष्मेवालाही नाक ओढत होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून ताईचा आवाज आला, "रडताय काय दोघं? परत लावा!"

दुसऱ्या दिवशी आमची स्वारी रस्त्यावर निघायची होती. चष्मेवाल्यानं धून लावली, झाकण मिटलं, मला बॅगेत ठेवलं. मी शिकवणीप्रमाणे झोपलो. त्यानं मला बाहेर काढलं, उघडलं, मी गाऊ लागलो. बॅगेत घातलं, मी झोपलो. असं बराच वेळ चाललं. शेवटी मुलीला फोन गेला. ती म्हणाली, "बाबा, सेटिंगमध्ये खाली एक बटण आहे, ते बदला. मग झाकण मिटलं तरी चालू राहील." सेटिंग सापडलं. पण ते बटण होतं पडद्याच्या नेमक्या काळ्या भागात. चष्मेवाल्यानं दुसऱ्यांचे चष्मे लावून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. काळोखात काय दिसणार, कपाळ?

तेव्हा वहिनी गॅलरीत गेली, दोरीवरून कपड्यांचा एक पिवळा चिमटा काढून आणला आणि माझ्या झाकणाच्या कडेला लावला. झाकण मिटेना, बोटभर उघडं राहिलं. आणि बोटभर उघडं म्हणजे माझ्या हिशेबी उघडंच. मी बॅगेतही गात राहिलो. "घ्या तुमचं सेटिंग," वहिनी म्हणाली. "पण माझा डझन मोडला हं. काम झालं की चिमटा परत दोरीवर पाहिजे."

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही फिरायला निघू लागलो. मी चष्मेवाल्याच्या खांद्यावरच्या बॅगेत. माझ्यातून एक वायर निघायची, तिला दोन बोंडं. एक ताईच्या कानात, एक त्याच्या. दोघांचा एकेक कान गाण्याला आणि एकेक कान रहदारीला. वायर आखूड असल्यानं दोघांना खांद्याला खांदा लावून चालावं लागायचं, आणि तिथंच घोळ व्हायचा.

"धाकट्या, डावा!"

"डावाच आहे हा."

"तो उजवा आहे, गाढवा! वय काय तुझं?"

"तुझ्यापेक्षा कमी आहे."

असं भांडत भांडत दोघं दूधकेंद्रापर्यंत जायची आणि परत यायची. पेपरवाला विचारायचा, "काय ऐकता हो रोज, बहीणभाऊ?" ताई सांगायची, "बातम्या." काही दिवस पाय अडायचे, काही दिवस सुटायचे. पण ताई रोज घराबाहेर पडायची, आणि तिचं बाहेर पडणं माझ्या गळ्यावर अवलंबून होतं. माझी मान अभिमानानं ताठ झाली असती, पण चिमटा होता.

मग एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. ती ताईचीच जुनी सहकारी. ताईनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बाई, यंदा क्रीडादिनाला मुलींची मानवंदना तुम्हीच घ्यायची. नाही म्हणायचं नाही. तुमच्या तब्येतीचं कळलंय मला. फाटकापाशी चाकांची खुर्ची ठेवते, दोन मुली तुम्हाला मंचापर्यंत आणतील."

"चालत येईन," ताई म्हणाली. "नाहीतर येणार नाही."

फोन ठेवल्यावर चष्मेवाला हळूच म्हणाला, "ताई, खुर्चीत बसण्यात काय कमीपणा आहे?"

"कमीपणा मुळीच नाही. ज्याला लागते त्यानं खुशाल बसावं, उद्या लागली तर मीही बसेन. पण मला अजून चालता येतं, धाकट्या. अजून येतं. आणि त्या मैदानावर मी पोरींना एकच गोष्ट शिकवली, की जमतंय तोवर पाऊल टाकायचं. तिथं मी जमत असताना बसून कशी जाऊ?"

त्या दिवसापासून फाटक ते मंच, एवढी एकच गोष्ट घरात उरली. ताई पहाटेच उठून बसू लागली. वहिनीनं तिच्या पांढऱ्या बुटांना पॉलिश केलं. आणि मी, मित्रांनो, मनातल्या मनात ती एकच धून घोटत होतो.

आता ऐका, माया कशी घात करते ते. आदल्या दिवशी वहिनीनं माझी बॅग धुतली. कार्यक्रमाला मळकी बॅग कशी न्यायची? धुतली आणि वाळत घातली. आणि वाळत घालताना बॅगेच्या बंदाला चिमटा लावला तो नेमका माझा, पिवळा. तो हाताशी होता ना. इकडे चष्मेवाल्यानं माझी सैल झालेली बिजागरी उघडली आणि चष्म्याचे नवे स्क्रू घालून घट्ट आवळली. कार्यक्रमात माझा जीव जाऊ नये म्हणून. सकाळी त्यानं मला कोरड्या बॅगेत ठेवलं. बिजागरी इतकी घट्ट की झाकण आपलं आपणच अर्धवट उघडं राहिलं. त्यामुळे चिमटा नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चिमटा गॅलरीतल्या दोरीवर एकटाच झुलत होता. मला ठाऊक होतं. पण मला गाता येतं, बोलता येत नाही.

मैदान माणसांनी फुललं होतं. पांढऱ्या बुटांतल्या मुली रांगा धरून उभ्या होत्या, आणि फाटकापासून मंचापर्यंत चुन्याची सरळ रेघ ओढली होती. फाटकापाशी नाही, तरी मंचाशेजारी मुख्याध्यापिकेनं ती चाकांची खुर्ची ठेवलीच होती, न जाणो म्हणून. वहिनी पहिल्या रांगेत बसली. ताईनं एक बोंड कानात घातलं, दुसरं भावाला दिलं, आणि म्हणाली, "चल, धाकट्या."

मी गायला लागलो. काय गायलो त्या दिवशी! लाउडस्पीकरवर कुणी शिक्षिका काहीबाही सांगत होती, पण ताईच्या त्या कानात फक्त मी होतो. फाटकातून पाऊल आत पडलं. फाटक म्हणजेही दारच. पण ताई अडली नाही. चुन्याच्या रेघेवरून ती ताठ चालत निघाली. टाळ्या सुरू झाल्या. अर्धं मैदान मागं पडलं. आणि तेव्हा चष्मेवाल्याच्या खांद्यावरून बॅग घसरली. त्यानं ती झटक्यानं वर ओढली. त्या हिसक्यासरशी माझं झाकण खाडकन मिटलं.

मी झोपलो.

यापुढचा थोडा भाग माझ्या डोळ्यांदेखतचा नाही. तो मी वहिनीच्या तोंडून ऐकला आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती तो सांगते आणि चष्मेवाला मधे मधे दुरुस्त करतो, म्हणून तो मला पाठ झाला आहे.

ताईचे पाय जागच्या जागी खिळले. भर मैदानात, सगळ्यांच्या नजरेसमोर. टाळ्या हळूहळू थांबल्या. ताई कुजबुजली, "धाकट्या, गाणं गेलं." चष्मेवाल्यानं बॅगेत हात घातला, चिमटा चाचपला; चिमटा नाही. त्यानं झाकण उघडलं आणि परत मिटू नये म्हणून आपलं बोट फटीत घालून ठेवलं. पण मला जाग यायला वेळ लागतो, हे तुम्हाला सांगितलंच आहे. तिकडे मंचावरून मुख्याध्यापिकेनं खूण केली आणि दोन मुली चाकांची खुर्ची ढकलत निघाल्या. खुर्ची जवळ येऊ लागली. वहिनी म्हणते, "माझा जीव नुसता टांगणीला लागला होता."

चष्मेवाल्याला दुसरं काही सुचेना. तो स्वतःच ठेका धरू लागला. "ताई, चल. डावा... उजवा... डावा..." आणि डावा म्हणत त्यानं उचलला उजवा.

ताईनं खाली पाहिलं. इतकी वर्षं शाळेत आणि इतक्या सकाळी रस्त्यावर जे तिला कधीही सहन झालं नाही, ते आता, या मैदानावर, तिच्या पोरींसमोर चाललं होतं. वहिनी सांगते, ताईचा चेहरा लालबुंद झाला. ती पाय विसरली, खुर्ची विसरली, लोक विसरली.

"धाकट्या! डावा म्हणतोस आणि उजवा उचलतोस? या मैदानावर? माझ्या मैदानावर?"

थरथरता हात वर गेला, शिट्टी ओठांत आली आणि कडाडली. पीप, पीप! "डावा! असा! डावा!" आणि भावाला दाखवण्यासाठी तिनं आपला डावा पाय उचलला. उचललेला पाय पुढं पडला. "उजवा!" दुसरा पडला. "डावा! बघ माझ्याकडे! उजवा!"

इथं मी जागा झालो, मित्रांनो. डोळे उघडतो तो काय, शिट्टी वाजते आहे, बॅग पावलागणिक हलते आहे आणि माझ्या फटीत चष्मेवाल्याचं बोट आहे. जिथं थांबलो होतो तिथूनच मी धून पुढं सुरू केली. आणि सांगायला आनंद वाटतो, तिची शिट्टी आणि माझा ठोका तंतोतंत जुळले. जुळणारच. रोज सकाळी ती याच ठोक्यावर तर चालली होती.

मग आणखी एक गंमत झाली. मैदानातल्या मुली शिट्टीची वाटच पाहत उभ्या होत्या. शिट्टी झाली की संचलन सुरू, एवढंच त्यांना पढवलेलं. शिट्टी कुणाची, हे कोण विचारतो? सगळ्या रांगा एकदम हलल्या. शेकडो पांढरे बूट एका ठोक्यात जमिनीवर पडू लागले. लाउडस्पीकरवरची शिक्षिका ओरडत होती, "अजून नाही, अजून नाही!" तिचं ऐकतो कोण! मंचावर कुणी पोचलंच नव्हतं आणि मानवंदना सुरूही झाली होती. खुर्ची आणणाऱ्या दोन मुली मधेच थांबल्या, खुर्ची तिथंच सोडली आणि आपल्या रांगेत पळाल्या. रिकाम्या खुर्चीच्या शेजारून ताई चालत गेली, आणि जाता जाता म्हणाली, "पोरींनो, ओळ सरळ ठेवा!"

मंचाच्या पायऱ्या ती चढली. कठडा धरून चढली, पण स्वतःच्या पायांनी. वर उभी राहिली, हात कपाळाशी नेला. हात थरथरत होता. तो थरथरता हात बघून लोक उभे राहिले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझा गळा त्यात बुडून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं काम फत्ते झालं होतं.

चष्मेवाल्यानं बोट बाहेर काढलं तेव्हा ते चांगलं निळं पडलं होतं. अख्ख्या वाटेत प्रत्येक पावलाला माझं झाकण त्याला चावत होतं आणि तो हूं की चूं करत नव्हता. घरी आल्यावर वहिनीनं ते बोट पाहिलं, मग गॅलरीत जाऊन दोरीवरचा चिमटा पाहिला, आणि मटकन खालीच बसली. "माझ्यामुळे झालं हो सगळं."

"बरं झालं," ताई म्हणाली. "गाणं बंद पडलं नसतं तर मी गाण्यावर चालले असते. आज मी माझ्या शिट्टीवर चालले."

हे ऐकून मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू? पण ताई माझ्याकडे वळली आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "आणि शिट्टी विसरले होते मी, ती यानं रोज सकाळी घोटून घेतली." मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईनंतर माझ्या गळ्याचं हे दुसरं कौतुक. यावर आता मी जन्मभर निभावीन.

वहिनीनं दुसऱ्याच दिवशी चिमट्यांचा नवा डझन आणला. पिवळा चिमटा माझ्या नावावर झाला. तो आता दोरीवर जात नाही. धुण्याला काही कमी पडलं तरी नाही.

तुम्हाला वाटेल, ताईचा आजार पळाला. नाही. तो आहे. काही सकाळी मी गळा फाडून गातो आणि तरी ताईचे पाय दूधकेंद्राच्या वळणावर खिळतात. अशा वेळी चष्मेवाला फक्त डावा म्हणतो आणि उजवा उचलतो. ताई भडकते. "डावा, गाढवा, डावा! कधी शिकणार तू?" आणि त्याला शिकवता शिकवता तिचं पाऊल सुटतं.

पण मी बॅगेत असतो. त्याच्या प्रत्येक पावलाचा हिसका माझ्या अंगाला बसतो. म्हणून एक गुपित मला ठाऊक आहे. चष्मेवाल्याचं डावं-उजवं कधीच बरोबर झालं आहे. ताई नीट चालत असते तेव्हा तो एकही पाऊल चुकत नाही. तो चुकतो फक्त ती थांबल्यावर. इतकं अचूक चुकणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खणात माझ्यासारखा कुणीतरी पडलेला असेल. छोटा, संथ, बऱ्याच गोष्टी न येणारा. त्याला भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. काय येत नाही ते विचारू नका, काय येतं ते विचारा. सगळं आलंच पाहिजे असं कुठं आहे? एक गाणं आलं तरी एखादं माणूस त्यावर मैदान पार करतं. फक्त त्याचं झाकण बोटभर उघडं ठेवा. चिमटा नसला, तर आपलं बोट घाला.